मनगटावरचं विमान

माझ्या संसारात सवत आली ती यांच्या मनगटावर बसून. काळी, मोठ्या पेढ्याएवढी जाड, रबरी पट्ट्याची. हे तिला 'कॉम्प्युटर' म्हणायचे. नव्वदीतली गोष्ट. तेव्हा आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे बँकेतल्या थंड खोलीत, चपला बाहेर काढून लांबून बघायची वस्तू. तो मनगटाला बांधून माझा नवरा पाण्यात उतरतो, असं मी माहेरी संगमनेरला सांगितलं तर भावजया तोंडाला पदर लावून हसल्या. मला राग आला. माझ्या नवऱ्याला मी हसलेलं चालतं, दुसऱ्या कोणी नाही.

हे नेव्हीत पाणबुडे होते. तिथून सुटल्यावर एका ठेकेदाराकडं लागले. धरणाचे दरवाजे, पुलाचे खांब, पाण्याखाली जे काही अडतं-बिघडतं ते बघणारी माणसं त्याच्याकडं असत. त्या वर्षी काम भंडारदऱ्याच्या बाजूला निघालं आणि आम्ही शेंडीला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पावसात वाहून आलेले ओंडके धरणाच्या दरवाजापुढच्या लोखंडी जाळीत अडकून बसले होते. खाली जायचं, अंधारात चाचपडत ओंडक्याला साखळी बांधायची, वर यायचं, मग क्रेन तो ओढून काढायची. रोज हेच. नातेवाइकांना वाटायचं, बाई सहलीच्या ठिकाणी राहते, काय मजा आहे. मजा कसली डोंबलाची! हे पाण्यात गेले की मी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची.

पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, म्हणून यांच्या जोडीला एक जण होता. सगळे त्याला जोडीदारच म्हणत, मीही. त्याच भागातला, तिशीच्या आतबाहेरचा, अंगानं काटकुळा. गावात कोणी बुडालं की आधी त्याला बोलावणं यायचं. यांनी त्याला पाठीला सिलिंडर लावून उतरायला शिकवलं होतं. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं दोन्ही वेळचा तो आमच्याकडंच जेवायचा. माझ्या भाकरीला नावं ठेवायचा आणि तीन हाणायचा. मी खवळले की म्हणायचा, वहिनी, तुमच्या हाताला चव हाय, पर जिभेला मिरची लई. असा माणूस पंगतीला असला की दोन खोल्यांचं घरही भरल्यासारखं वाटतं.

काम झालं की हे ती सवत माझ्या चांगल्या पातेल्यात बुडवून धुवायचे. एकदा मी भांडायला उभी राहिले, तर यांनी मला मोरीच्या कट्ट्यावर बसवलं आणि ती काय करते ते समजावून सांगितलं. खाली दाबात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुरत जातो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर अंगातल्या अंगात त्याचे बुडबुडे धरतात. श्रीरामपूरच्या स्टँडवरचा गोटी सोडा आठव, म्हणाले. गोटी फटकन दाबली की फेस उतू येतो, हळू दाबली की नुसता सुस्कारा. बुडबुडा सांध्यात अडकला तर ठणका, मणक्यात अडकला तर माणूस लुळा पडतो. मी किती खोल आहे, किती वेळ आहे, ते हा कॉम्प्युटर क्षणाक्षणाला मोजतो आणि अजून किती राहता येईल ते आकड्यात दाखवतो. वर यायची घाई केली तर टीं टीं करून ओरडतो. तरीसुद्धा बाहेर पडायच्या आधी वरच्या पाण्यात दोराला धरून थोडं थांबायचं, अंगातली हवा निघू द्यायची. आणि आपण डोंगरात आहोत, इथं हवा मुळात विरळ, समुद्राचं गणित इथं चालत नाही, म्हणून त्याला उंची आधी नेमून द्यावी लागते.

मग याच्या भरवशावर निवांत राहायचं का, असं मी विचारलं. तर मान हलवली. त्याला खोली कळते आणि वेळ कळतो, म्हणाले. मला रात्री झोप लागली का, मी पाणी प्यालो का, साखळी ओढून मी किती दमलो, हे त्याला काय माहीत? तो म्हणतो अजून वेळ आहे, तेव्हाच मी वरच्या वाटेला लागलेलो असतो. मला ते ऐकून फार बरं वाटलं. पण तसं तोंडावर म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी पातेलं ओढून घेतलं आणि पुन्हा यात बुडवाल तर जेवायला वाढणार नाही, असा दम दिला.

पाण्याबाहेर आल्यावरही त्या कॉम्प्युटरवर एक छोटंसं विमान दिसत राहायचं. मला त्याचं भारी हसू यायचं. शेंडीत साधी एसटी वेळेवर येईना आणि यांच्या हातावर विमान! हे म्हणायचे, हसू नको. विमान आहे तोवर अंगातला वायू पुरता गेलेला नाही. तोवर उंचावर जायचं नाही. विमानानं नाही, एसटीनं घाट चढून नाही, की पायी डोंगर चढून नाही. करणाऱ्यानं विमान काढलं, कारण त्याला कळसूबाई माहीत नव्हती.

आता हा कॉम्प्युटर होता एकच. यांनी तो आखातात निघालेल्या एका जुन्या सोबत्याकडून घेतलेला. जोडीदारालाही एक हवा, असं हे ठेकेदाराच्या मागं लागून थकले. ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर असायचं, दोघं एकत्रच तर उतरता, एकत्रच वर येता, मग एकात भागत नाही का? हे म्हणायचे, दोन माणसांत एक ताट चालेल, एक कॉम्प्युटर चालत नाही. पण काम तर करायचं होतं. मग यांनी जोडीदाराला नियम घालून दिला की, माझ्याहून हातभरही खाली जायचं नाही, माझ्या मागं राहायचं नाही, मी अंगठा वर केला की निघायचं. जोडीदार तो नियम पाळायचाही. पण शेवटी ते पाणी आहे, तिथं खाली अंधार असतो आणि साखळी अडकली की ती सोडवायला बारका माणूसच लागतो.

नवरात्र बसलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या माळेला सासूबाई आल्या. श्रीरामपूरकडच्या खेड्यातून एसटी बदलत बदलत, मांडीवर पिशवी घेऊन एकट्या आल्या. पिशवीत खण, बांगड्या, हळदकुंकू आणि नारळ. या कामावर लेक रुजू झाला तेव्हाच त्यांनी कळसूबाईला नवस बोलला होता. माझा लेक धरणातून धड बाहेर आला, काम पुरं झालं, की याच नवरात्रात, नऊ माळांच्या आत, तो अनवाणी वर चढून तुझी ओटी भरील. सासूबाईंचा धाकटा भाऊ विहिरीत गेला होता. त्याला वर काढताना त्या काठावर उभ्या होत्या. तेव्हापासून त्यांना घागरीत वाकून बघायचीही भीती. त्या बाईच्या लेकानं पोटासाठी पाण्याखालचा धंदा धरला, यावर त्या काय बोलणार? त्यांनी आपला नवस धरला होता.

काम नेमकं शेवटच्या माळेला संपत होतं. सकाळी शेवटचा ओंडका निघायचा, आणि नवस त्याच दिवशी फेडायचा. दोन दिवस आधीपासूनच घरात कुरबुर सुरू झाली. यांनी आईला गोटी सोडा सांगून पाहिला, हवा सांगून पाहिली, ते विमान दाखवून पाहिलं.

"आपून काय इमानात बसायचंय का?" सासूबाई म्हणाल्या. "पायानंच जायाचंय की."

हे म्हणाले, आई, पायानं गेलं तरी उंची तीच. दसऱ्याचा दिवस जाऊ दे, अंग मोकळं होऊ दे, मग तू म्हणशील तसा, लोटांगण घालत जाईन. त्यावर त्या गप्प झाल्या. सासूबाई भांडल्या की मला सोपं जातं, मीही भांडते. त्या गप्प झाल्या की मात्र घरात पाऊल वाजवायची चोरी. नऊ माळांच्या आत असं त्यांनी कबूल केलेलं. देवीनं तिच्याकडचं पुरं केलं, आता आपण दसऱ्यानंतर बघू म्हणायचं, हे त्यांना पटेना. देव पुढची तारीख देतो का, एवढंच मला हळूच विचारलं. मला त्यांची कीव आली. दोघंही खरंच बोलत होते, आणि दोघांच्या मधे मी भाकरी थापत होते.

शेवटच्या दिवशी दुपारच्या आत काम उरकलं. ओंडका निघाला, क्रेनवाल्यानं नारळ फोडला, सगळ्यांना पेढे वाटले. हे घरी आले ते गळून गेलेले. दोन घास खाऊन, तांब्याभर पाणी पिऊन आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. जोडीदार जेवून ओट्यावर सासूबाईंशी बोलत बसला. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून मी झेंडूची फुलं आणायला राजूरला गेले. जीपगाड्या माणसांनी भरून वाहत होत्या, मला परत यायला तीन वाजून गेले.

आले तर हे अजून झोपलेले, आणि सासूबाई दारात बसलेल्या. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता. मला म्हणाल्या, ओटी गेली बरं का वर. जोडीदार घेऊन गेला. त्यानंच विचारलं, मावशी, दादाच्या हातावर इमान हाय, माझ्या हातावर कुठं हाय? द्या, मी जातो दादाच्या नावानं. घरच्यासारख्या माणसाच्या हातून नवस फेडलेला चालतो, आमच्याकडं तशी रीतच आहे. आजारी माणसाचा नवस भाऊ फेडतो, लेकीचा नवस बाप फेडतो. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, बोटं मोडून त्याची दृष्ट काढली होती, आणि चपला काढून तो बारीच्या जीपमध्ये बसून गेला होता.

मी फुलं उंबऱ्यातच टाकली. आत जाऊन यांना गदागदा हलवलं. अहो, तुमचा जोडीदार कळसूबाईला गेलाय. हे उठून बसले आणि आधी हातावरचं विमान बघितलं. मग म्हणाले, "तो माझ्यापेक्षा खाली होता."

सकाळी शेवटच्या ओंडक्याची साखळी जाळीच्या तळाशी अडकली होती. यांनी हातानं नको नको केलं, पण जोडीदार खाली सरकला, ती सोडवून वर आला, आणि झटापटीत चांगलाच दमला होता. यांच्या हातावरचं विमान ही यांच्या अंगाची गोष्ट होती. त्याच्या अंगात त्याहून जास्त मुरलं होतं, फक्त ते दाखवणारं त्याच्या हातावर काही नव्हतं. सासूबाई उंबऱ्याशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांना गणित कळलं नसेल, पण लेकाचं तोंड बघून बाकीचं सगळं कळलं.

अशाच वेळेसाठी यांनी साइटवर हट्ट करून ऑक्सिजनचा एक सिलिंडर ठेवून घेतला होता. तो ठेकेदाराच्या जीपमध्ये टाकला आणि आम्ही बारीला पळालो. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. तिथं पोचल्यावर हे जीपमधून उतरले, वर बघितलं आणि चालायलाच लागले. मी यांचा सदरा धरून मागं ओढलं. चार माणसांदेखत ओरडले, एक वर जाऊन बसलाय, आता दुसरा चाललाय का? मग त्याला खाली आणल्यावर ऑक्सिजन कोण लावणार, मी? हे थांबले. हातावरचं विमान तसंच दिसत होतं. नेव्हीतला गडी, पण त्या वेळी रस्त्याच्या कडेला लहान पोरासारखा उभा राहिला. मी पदर खोचला आणि चढायला लागले.

मी काही डोंगर चढणारी बाई नव्हे. माझ्या माहेरी चढायचा म्हणजे माडीचा जिना. पण जत्रेची वाट होती, उतरणारी माणसं वाट देत होती. मी प्रत्येकाला विचारत होते, अनवाणी, काटकुळा, निळ्या सदऱ्याचा माणूस बघितला का? काही जण म्हणाले, वर देवळात बघितला, ओटी भरत होता. एक म्हणाली, त्याला काय झालंय, दारू प्यायल्यासारखा चालतोय. तिला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग लोखंडी शिड्या आल्या. खाली बघायचं नाही, असं स्वतःलाच शिव्या देत मी पायऱ्या धरत होते.

दुसऱ्या शिडीच्या वरच्या अंगाला एका ताकवालीच्या पालात तो बसलेला सापडला. भिंतीला टेकावं तसा मागच्या खडकाला टेकून. मला बघून हसला. म्हणाला, वहिनी, पोचली ओटी. दादाचं नाव घेऊन भरली. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणे काही नाही, खांदा ठणकतोय, साखळीनं लचकला असंल. आणि पाय? पाय जरा जड झालेत, डाव्याला मुंग्या आल्यात, अनवाणी चालायची सवय राहिली नाही. ताकवालीनं सांगितलं, बाई, हा दोनदा उठायला गेला आन् दोनदा बसला. मी त्याच्या डाव्या पायाला चिमटा काढला. चांगला खसकन काढला, माझा हात काही हलका नाही. तो माझ्याकडंच बघत होता. त्याला कळलंच नाही.

माझं सगळं अवसान त्या चिमट्यात गेलं. मी रडायलाच लागले. मग तो घाबरला. तोवर त्याला वाटत होतं की, रात्रभर पाय शेकले की सकाळी ठीक होईल. मला म्हणाला, "वहिनी, मी चालंल ना? तिकडं लेकरू व्हायचंय माझं."

चालशील रे बाबा, म्हणाले. मला काय माहीत होतं? पण दुसरं काय म्हणणार?

त्याला आता एक पाऊलही चालवायचं नव्हतं. यांनी खालीच बजावून सांगितलं होतं की, तो धड दिसला तरी त्याला चालत आणू नको. ताकवालीनं आपलं घोंगडं काढून दिलं. जत्रेतले चार गडी पुढं झाले. कोण कुठले, मी आजवर त्यांना पुन्हा बघितलेलं नाही. पालाचा बांबू काढून त्यांनी झोळी केली. शिडीवरून त्याला उतरवला तो असा. खाली एक, वर एक, मधे दोघं, आणि तो झोळीत गुंडाळलेला, माझ्याकडं डोळे लावून. अंधार पडता पडता आम्ही पायथ्याला आलो.

हे सिलिंडर उघडून, मुखवटा हातात धरून तयार होते. त्याला जीपमध्ये आडवा निजवला, तोंडाला ऑक्सिजन लावला, घोटघोट पाणी पाजलं. भोवती ही गर्दी. कोण म्हणे राखुंडी लावा, कोण म्हणे तेल चोळा. ठेकेदाराचा सुपरवायझर तिथं आला होता. त्याला कुठून अक्कल सुचली कोण जाणे, म्हणाला, पाण्यानं झालंय ना, मग पुन्हा खाली नेऊन हळूहळू वर आणा, आपोआप जाईल. यांनी आवाज चढवलेला मी लग्नापासून ऐकला नव्हता, तो त्या संध्याकाळी ऐकला. पुन्हा पाण्यात घातला तर तिथंच मरेल, म्हणाले. याला आता दाबाची टाकी लागते, ती मुंबईला आहे, आणि तू मधून बाजूला हो.

घोटीला एसटीडी बूथवरून यांनी नेव्हीतल्या जुन्या साहेबांना फोन लावला. मग कसारा घाट उतरून मुंबई. मी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. यांचं त्याच्याशी सारखं बोलणं चालू. अंगठा हलव, म्हणायचे. उजवा हलायचा. डावा म्हटलं की जोडीदार डोळे मिटून घ्यायचा. ठाण्याच्या पुढं तर यांनी डावा म्हणायचंच सोडून दिलं.

हॉस्पिटलात ती टाकी होती. लोखंडी, लांबोडकी, बाजूला जाड काचेची गोल खिडकी. त्यात त्याला निजवून आतला दाब वाढवायचा, म्हणजे बुडबुडे बारीक होतात आणि पुन्हा रक्तात मुरतात, मग तासनतास सावकाश दाब सोडायचा. खिडकीतून त्याचं नाक दिसायचं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत, ऑक्सिजन दिलात, चांगलं केलंत, पण मणक्याचं आहे, कबूल काही करत नाही. उजवा पाय पहिल्याच दिवशी सुधारला. खांद्याचा ठणका थांबला. लघवीला लावलेली नळी निघाली. डावा पाय तेवढा गादीवर दुसऱ्याचा असल्यासारखा पडून होता. रोज टाकीत जायचा, रोज बाहेर यायचा, रोज डॉक्टर म्हणायचे, अंगठा हलवा. तो घामाघूम व्हायचा आणि अंगठा जागचा हलायचा नाही. यांनी ठेकेदाराला फोन करून सांगून टाकलं की, प्रत्येक माणसाच्या मनगटावर स्वतःचा कॉम्प्युटर दिसल्याशिवाय मी कोणाला पाण्यात उतरवणार नाही, मीही उतरणार नाही. ठेकेदार दुसरा पाणबुड्या शोधू लागला. आमची नोकरी गेली, आणि त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

मग एक दिवस सासूबाई आल्या. गावातल्या कोणाला तरी सोबत घेऊन, मुंबईची वाट विचारत आल्या. आम्ही कळवलं होतं की येऊ नका. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. जोडीदारानंच सुरुवात केली. मावशी, तुमची ओटी पोचली बरं का, काळजी करू नका, दादाचं नाव घेऊनच भरली.

त्यावर त्या म्हणाल्या, "तेच चुकलं रं माजं. पान्यात दोघं जात हुते, आन् मी देवीकडं एकट्या माज्या लेकाचं मागितलं."

हे खिडकीशी उभे होते, ते वळले. पाण्यात दोघं, आणि आपण कॉम्प्युटर बांधला तो एकट्याच्या हातावर; आईनं देवीपुढं तेच केलं होतं, हे त्यांनाही त्या घडीला जाणवलं असावं. यांनी मनगट दुसऱ्या हातानं झाकून घेतलं.

आणि सासूबाई वाकल्या. सत्तरीची बाई, आमच्या गावात लोक तिच्या पाया पडतात. तिनं दोन्ही हात त्या पोराच्या पायांवर ठेवले आणि कपाळ टेकायला खाली गेली.

"मावशी, न्हाई, आवो न्हाई," म्हणत जोडीदारानं पाय झटकन मागं ओढून घेतले. मोठ्या माणसानं पायाला हात लावला की आपल्यातला कोणीही ओढून घेतो तसे, आधी विचार न करता.

दोन्ही पाय. डावाही.

चादर गोळा होऊन गुडघ्यापाशी आली होती आणि डावा पाय तिच्याखाली वाकलेला होता. तो स्वतःच त्याच्याकडं बघत राहिला. सासूबाईंना काय झालं ते समजलंच नव्हतं. त्या रिकाम्या गादीवर हात तसेच ठेवून मला विचारत होत्या, का गं, मी काही वावगं केलं का? मी रडत रडतच नाही म्हणून मान हलवली. हे डॉक्टरांना बोलवायला पळाले.